समुद्राला तिकीट नाही

देवीलाल राठोड मास्तर मुंबईला निघालेत, ही बातमी पांढरकवड्यात मास्तरांच्या आधी गावाला कळली. त्याचं असं झालं, की सकाळी त्यांच्या आई बिजलीबाई विहिरीवर गेल्या आणि घागर भरता भरता म्हणाल्या, "आमी मुंबईले जाऊन राह्यलो, फकिराले आणाले." दुपारच्या सुट्टीत मास्तर भाकरी खायला घरी येत होते, तेव्हा वाटेत भेटेल त्यानं त्यांना मुंबईहून काय काय आणायचं ते सांगितलं. मास्तर सभ्य माणूस. आपण मुंबईला चाललो आहोत हे आपल्याला ठाऊक नाही, असं तोंडावर कसं सांगायचं, म्हणून ते मान डोलावत राहिले. घरी पोचेपर्यंत एक छत्री, एक अलार्मचं घड्याळ आणि कुणाच्या तरी पोरीसाठी स्थळ, एवढं त्यांनी कबूल करून टाकलं होतं.

फकिरा म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी तो हायवेवर थांबलेल्या एका ट्रकवर क्लिनर म्हणून चढला. पहिल्या दिवाळीला त्याचा निरोप आला, दुसरीला नुसता राम राम आला, आणि पुढं काहीच आलं नाही. मास्तरांनी चौकशी केली नाही असं नाही. केली, पण त्यांच्या पद्धतीनं. म्हणजे हळू आवाजात, समोरच्याला वेळ आहे का हे आधी विचारून. तांड्यातला पहिला मॅट्रिक झालेला माणूस, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट; आरडाओरडा करणं त्यांना शोभण्यासारखं नव्हतं. वर्गातसुद्धा ते इतकं हळू शिकवत, की मागच्या बाकावरची पोरं केवळ उत्सुकतेपोटी शांत बसत.

आणि आता त्या उत्तमसिंगानं घोळ करून ठेवला होता. उत्तमसिंग हा नागपूर-हैदराबाद ट्रक चालवणारा सरदारजी. कधीमधी त्याला मुंबईचं भाडं मिळे. धाब्यावर चहा पिताना त्यानं बिजलीबाईंना ओळखलं आणि म्हणाला, "माताजी, आपका लडका बंबई में देखा. समंदर के किनारे. बोरी उठा रहा था." तो पक्का फकिराच होता का, असं मास्तरांनी नंतर जाऊन विचारलं, तर सरदारजी म्हणाला, "गाडी चल रही थी मास्टरजी. पर लगा वही." फकिराचा सगळा पत्ता एवढाच.

मास्तरांनी आईला समजावून पाहिलं. समुद्राचा किनारा लांब असतो, तिथं लाखो माणसं राहतात, असं सांगितलं.

"खुनी नदीच्या काठाकाठानं गेलं तं धोबी भेटते का नाही? ढोरं राखणारा भेटते का नाही?" म्हातारी म्हणाली. "काठचा माणूस काठीच भेटते. जाते कुठं?"

शेवटी मास्तरांनी शाळेतून नकाशा आणला, भिंतीला टेकवला आणि रूळ फिरवून सगळा किनारा दाखवला. बिजलीबाईंनी नाक लावून पाहिला. त्यावर बोट ठेवलं.

"हे तं बोटभर हाय," त्या म्हणाल्या.

भूगोल या विषयावरचा मास्तरांचा विश्वास त्या दिवशी थोडा ढळला. पण खरी गोष्ट म्हातारीनं रात्री जेवताना सांगितली. लमाणांचे तांडे एके काळी समुद्रावरून बैलांच्या पाठीवर मीठ घालून इकडं आणत. तिच्या आज्यानं ते पाणी पाहिलेलं होतं. "आपल्या बैलायची पाठ सोलली त्याच्या मिठानं," ती म्हणाली. "इतक्या पिढ्या ज्याचं मीठ वाह्यलं, ते आपला पोट्टा गिळन काय? ठेवला असन त्यानं सांभाळून. आपुन जाऊन मागाचा." तिच्या एका डोळ्याची नजर आता अंधूक झाली होती. दुसरीही जाईल, आणि मग पोरगा समोर उभा राहिला तरी कळायचा नाही, एवढीच तिला भीती. मास्तरांनी पुढं वाद घातला नाही.

आता मुंबई म्हणजे पैशाचं काम, आणि मास्तरांच्या पगारात पैशाचं काम बसत नसे. त्यावर तोडगा शेजारच्या किसनरावांकडं होता. किसनरावांची कापसाची जमीन होती, आणि कापसाच्या कुठल्याशा सभेसाठी ते एकदा मुंबईला जाऊन आले होते. तेव्हापासून मुंबई या विषयात ते शेवटचा शब्द. राजधानी नागपूरहून हलली तेव्हाही त्यांनी मत दिलं होतं, की पहिले बरी वावराच्या धुऱ्यावर होती, आता नेऊन पाण्यात ठेवली.

"मास्तर, मुंबईत पाणी प्यायचं तं इचारून प्या," ते मास्तरांच्या ओसरीवर मांडी घालून म्हणाले. "तिथं बसाचे पैसे, उठाचे पैसे. पण फुकट पाहाचं म्हणाल तं लय हाय. माह्या तोंडपाठ हाय. म्हना माह्यामागं."

आणि मास्तरांनी, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून पाढे म्हणून घेतले, किसनरावांच्या मागं फुकट मुंबईचा पाढा म्हटला. गेटवेची कमान फुकट. टांगलेली बाग फुकट, तिथं झाडाचे बैल आहेत. त्याच्यासमोर एका म्हातारीचा बूट आहे, त्यात शिरून वर चढता येतं, तोही फुकट. एका इमारतीत चित्रं टांगून ठेवतात, कुणी घेत नाही म्हणून पाहायला फुकट. संध्याकाळी समुद्राकाठचे दिवे लागतात, त्याला राणीचा हार म्हणतात. मोठ्या ऑफिसात पाळणा असतो, त्याला लिफ्ट म्हणतात. तोंड गंभीर करून आत शिरलं तर वरखाली फुकट नेतात. धर्मशाळा तीन रात्री फुकट.

"आणि समुद्र?" मास्तरांनी विचारलं.

"समुद्राले तिकीट नाही," किसनराव म्हणाले. "अजून तरी नाही. लवकर जाऊन या."

राहिली रजा. मे महिन्यात गेलं असतं तर रजेची गरज नव्हती, पण बिजलीबाईंचं म्हणणं, फकिरा आज दिसला, तो मेपर्यंत बोरी घेऊन तिथंच उभा राहणार आहे का? हे बिनतोड होतं. मास्तर कचेरीत गेले. तिथले विठ्ठलराव बाबू चांगले गृहस्थ, पण कागदाच्या बाहेरची दुनिया त्यांना दिसत नसे. मास्तरांनी अर्जात कारण लिहिलं होतं: आईस समुद्र दाखविणे व बंधूचा शोध घेणे.

"समुद्र कशात बसवू मास्तर?" बाबूंनी अर्ज उलटसुलट केला. "लग्न असन तं सांगा. आजारपण हाय. मयत हाय. समुद्र नाही आमच्याकडं."

"मग बंधूचा शोध?"

"तो बी नाही. हरवलेला मानूस नियमात येत नाही. मेलेला येते." बाबू पुढं वाकले, आणि हे त्यांनी अगदी मदतीच्या भावनेनं सांगितलं: "असं करा. भाऊ वारला म्हनून लिहा. आत्ता सही घेतो. कोन पाहाले जाते?"

मास्तरांचा आवाज त्या कचेरीनं पहिल्यांदाच ऐकला. "माझा भाऊ जिवंत आहे," ते म्हणाले. मग त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली आणि त्यांनी बाबूंची क्षमा मागितली. अखेर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं म्हातारीला खाऱ्या हवेची गरज आहे असं लिहून दिलं, आणि समुद्र आजारपणात बसला.

निघायच्या दिवशी मास्तरांची बायको हंसाबाई हिनं भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली. बिजलीबाईंचं स्वतःचं एक गाठोडं होतं. त्यात भाजून वाळवलेला हुरडा. फकिराला हुरडा फार आवडे; लहानपणी तो आगटीपाशी बसला की उठवावा लागे. त्या गाठोड्याला त्यांनी वाटेत कुणाला हात लावू दिला नाही. कळंबला एसटी थांबली तेव्हा चिंतामणी गणपतीला हात जोडतानाही ते काखेतच होतं, आणि गाडीत डोक्याखाली.

मुंबईत उतरल्यावर मास्तरांनी पाढा सुरू केला. त्यांचा हिशेब साधा होता. आईला समुद्रकाठानं हिंडवायचं, वाटेत फुकट मुंबई दाखवायची, आणि तिचं मन रमलं की हळूच परत न्यायचं. भाऊ सापडेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण हे त्यांनी अजून स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

पहिला अडथळा असा निघाला, की मुंबई पाहायच्या ऐवजी मुंबईच त्यांना पाहायला लागली. बिजलीबाईंचा आरशांचा घागरा, म्हणजे फेटिया, दंडापर्यंत बलियांच्या पांढऱ्या बांगड्या, कानाजवळ लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. गेटवेपाशी त्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी कमानीकडं पाठ फिरवली. एका गोऱ्या बाईनं फोटो काढला. एकानं त्यांना औषधी मुळ्या कशा दिल्या म्हणून विचारलं. मास्तर कोटाची बटणं चाचपत थोडे लांब सरकले, नंतर आपण लांब सरकलो म्हणून ओशाळून जवळ आले, आणि दिवसभर त्यांचं हेच चाललं. फुकट पाहण्यासारख्या गोष्टींत एकीची भर पडली होती आणि ती किसनरावांच्या पाढ्यात नव्हती.

म्हातारीला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिचं काम वेगळं होतं. दिसेल त्या पोलिसाला ती विचारी, "बाप्पा, ह्या गावचा नायक कोन?" तांड्यात परका माणूस आला, की आधी नायकाकडं जातो, कूळ सांगतो, आणि मग ज्याला भेटायचं त्याला हाक मारली जाते. एवढ्या मोठ्या तांड्याला नायक नसेल हे तिला पटेना. मास्तरांनी सांगितलं, की मुंबईला नायक नसतो. "मंग हाक कोन मारते?" तिनं विचारलं. मास्तरांनी तिला बागेकडं नेलं.

टांगलेल्या बागेत झाडांचे बैल होते. तिनं एकाच्या पाठीवरून हात फिरवला. "चरत नाही, मीठ वाहत नाही. कायले पोसला?" म्हणाली, आणि माळ्याला फकिराबद्दल विचारलं. म्हातारीच्या बुटात ती शिरली नाही. ज्या म्हातारीचा असेल ती येऊन ओरडेल म्हणाली. चित्रांच्या इमारतीत मात्र ती फार वेळ थांबली. मास्तरांना आनंद झाला, आईला कलेची गोडी लागली. मग लक्षात आलं, ती एकेका चित्रातल्या माणसाचं तोंड जवळ जाऊन निरखत होती.

लिफ्टचं तर विचारूच नका. मास्तरांनी किसनरावांनी सांगितल्याप्रमाणं तोंड गंभीर केलं. लिफ्टवाल्यानं विचारलं, कुठला मजला? पाढ्यात हे नव्हतं. मास्तर घाबरून म्हणाले, "आपल्याला सोयीचा असेल तो." त्यानं त्यांना वर कुठल्याशा ऑफिसात सोडलं. तिथं सगळे टायपिंग करणारे हात थांबले, कारण बिजलीबाई दारात उभ्या राहून राम राम घालून विचारत होत्या, "आमचा फकिरा हाय का इथं?" खाली त्यांना जिन्यानं यावं लागलं.

गोदीच्या दारावर मास्तर दोनदा गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, कोणत्या टोळीत आहे, मुकादम कोण. ते माहीत असतं तर इथं कशाला आलो असतो, हे मास्तरांनी इतक्या मृदू भाषेत सांगितलं की त्याला ते कळलंच नाही. जवळच्या एका पोलीस चौकीत त्यांना विचारलं, माणूस हरवला कुठं?

"पांढरकवड्याहून निघाला."

"मग तक्रार तिकडं करा."

"तिकडं म्हणाले, मुंबईत हरवला, तिथं करा."

"तिकडच्यांना काय कळतंय," जमादार म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा मायलेक गोदीच्या दाराबाहेर उभे राहिले. माणसांचा लोंढा येत होता आणि बिजलीबाई बऱ्या डोळ्याची बाजू पुढं करून प्रत्येकाचं तोंड पाहत होत्या. काही हसले. एकानं तिच्या हातावर पैसा ठेवला. तिनं तो पाहिला, त्याच्यामागं धावत जाऊन परत केला आणि म्हणाली, "मागाले नाही आलो बाप्पा, पाहाले आलो." मास्तर दुसरीकडं पाहत होते. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून वाईट याचं वाटत होतं, की त्यांनी अजून एकदाही मोठ्यानं भावाचं नाव घेतलं नव्हतं.

धर्मशाळेची तिसरी रात्र राहिली होती. पाढ्यातलं शेवटचं उरलं होतं, चौपाटी. दिवे लागायच्या सुमाराला ते वाळूत पोचले. समुद्र समोर होता, भरती येत होती. बिजलीबाईंनी पाण्यात पाय घातले, बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. "तेच हाय," त्या म्हणाल्या. मग गाठोडं काखेत घेऊन वाळूत बसल्या, आणि मास्तरांना वाटलं, चला, आता ही थकली. उद्या गाडी.

तेवढ्यात रस्त्याकडून एक बाई धावत आली. तिच्या अंगावरही फेटिया होता, सिमेंटनं पांढरा झालेला. रस्त्याचं काम चाललं होतं तिथं ती घमेली वाहत होती. नाव बसंतीबाई, पुसदकडची. तिनं लांबून आरसे चमकताना पाहिले होते. जवळ येऊन तिनं एकच विचारलं, "गोर छी क?" म्हणजे, आपल्यातलीच ना? आणि उत्तराची वाट न पाहता बिजलीबाईंच्या गळ्यात पडली.

आता पुढचं समजायला एक गोष्ट माहीत असायला हवी. गोर बंजाऱ्यांच्या बायका फार दिवसांनी आपलं माणूस भेटलं, की नुसता राम राम करत नाहीत. गळ्यात गळा घालून सुरात रडतात. जे गेले, जे दुरावले, त्यांची नावं घेऊन, अगदी मोकळ्या गळ्यानं. ते झालं की डोळे पुसून पाऊसपाणी विचारतात. मास्तरांच्या अख्ख्या बालपणात हे आवाज होते. पण चौपाटीवर भेळ खाणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

बसंतीबाई तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी रडत होती. बिजलीबाईंनी सूर लावला, "ये मार फकिरा रे, तू कत गो रे, मार बेटा!" कुठं गेलास रे, असा तो सूर भेळवाल्यांच्या हाका कापत पार रस्त्यापर्यंत गेला. लोक उठले. कुणीतरी विचारलं, काय झालं? कुणीतरी समुद्राकडं पाहिलं. आणि ज्या शहरात तीन दिवस एकाही माणसाला फकिरात रस नव्हता, त्या शहरात एका क्षणात चौपाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी गेली: फकिरा बुडाला.

"कुणीही बुडालेलं नाही!" मास्तर म्हणाले. "ही आमची भेटण्याची पद्धत आहे."

"धक्का बसलाय बिचाऱ्याला," एक बाई म्हणाली आणि कुणीतरी मास्तरांना वाळूवर बसवून पाणी पाजलं. ते उठले, कुणीतरी पुन्हा बसवलं. ते जितक्या शुद्ध मराठीत खुलासा करत होते, तितकी लोकांना त्यांची कीव येत होती. तोवर दोन जवान पोरं कपडे फेकून पाण्यात शिरली होती. कोळ्यांनी होडी लोटली. शिट्टी फुंकत हवालदार आला.

"बुडालेल्याचं नाव?"

"फकिरा राठोड. पण—"

"वय?"

"सव्वीस. अहो, पण—"

"अंगावर काय होतं?"

"खाकी अर्धी चड्डी," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. सहा वर्षांपूर्वी ट्रकवर चढताना तीच होती. डाव्या भुवईवर व्रण, आगटीतल्या निखाऱ्याचा. हे सगळं त्यांना कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, आणि उत्तरं घशाशी तयार होती. हवालदार वळून पाण्याकडं ओरडला, "खाकी चड्डी! डाव्या भुवईवर व्रण! हाका मारा रे!"

आणि हाका सुरू झाल्या. होडीतून, पाण्यातून, वाळूवरून. ओळख ना पाळख, माणसं तोंडाभोवती हात धरून ओरडत होती. फकिरा! ए फकिरा!

मास्तर हवालदाराला खरं सांगायला उठले. तेव्हा बिजलीबाईंनी त्यांचा कोट धरला. त्यांचं रडणं थांबलं होतं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

"नोको सांगू," त्या म्हणाल्या.

"याडी, तो पाण्यात नाही. ही लोकं उगीच—" मास्तर आईला म्हणाले.

"मले काय मालूम नाही? पाण्यात नाहीच हाय तो. पन मारू दे हाका. इथं कुठं असन, तं ऐकन."

रजेच्या अर्जात भावाबद्दल खोटं लिहायला ज्यांनी नकार दिला ते देवीलाल मास्तर आईकडं पाहत राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली, बुटांसकट पाण्यात शिरले, आणि ज्या गळ्यानं आजवर मागच्या बाकापर्यंत कधी मजल मारली नव्हती, त्या गळ्यानं ओरडले, "फकिरा! ये भिया! फकिरा रे!" एक लाट आली, कोट भिजला. ते ओरडत राहिले. सहा वर्षांचं साचलेलं होतं; ते हळू आवाजात निघण्यासारखं नव्हतं. आपण रडतो आहोत हे त्यांना खाऱ्या पाण्यामुळं उशिरा कळलं.

थोड्या वेळानं होडीतून आरोळी आली, "टोपी मिळाली!"

हाका थांबल्या. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. कोळ्यानं निथळणारी काळी टोपी आणून बिजलीबाईंपुढं धरली. त्यांनी ती पाहिली. बसंतीबाईनं त्यांना खांद्याला धरलं. तीन दिवस ज्या तोंडावर सापडेलच हा भरवसा होता, त्यावर आता काही नव्हतं. मास्तर पाण्यातून धावत आले, पण अंतर संपता संपेना. आईचं ते तोंड ते पुढं कधीही विसरले नाहीत.

मग म्हातारीनं टोपी बऱ्या डोळ्याजवळ नेली, आत बोट फिरवलं. हंसाबाईनं लाल दोऱ्यानं घातलेला टाका हाताला लागला.

"हे तं माह्या देवीलालची हाय!" त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हवालदारानं मास्तरांच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. मग टोपीकडं पाहिलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. तो जो भडकला तो विचारू नका. पोलिसांना फसवणं, जमाव जमवणं, कोळ्याची होडी, कलमं मोजून तो थांबला आणि म्हणाला, "मग तुमचा भाऊ बुडाला कधी?"

"बुडाला नाही. सहा वर्षं झाली. घरी आला नाही."

हवालदारानं शिट्टी खिशात घातली. इकडं बिजलीबाईंनी गाठोडं सोडलं होतं. जो जो पाण्यात उतरला होता, त्याच्या ओल्या ओंजळीत त्या हुरडा घालत होत्या. पोरांना, कोळ्यांना, बसंतीबाईला. "खा बाप्पा. माह्या पोट्ट्यासाठी हाका मारल्या तुमी." फकिराचा हुरडा चौपाटीवर वाटला जात होता आणि मास्तरांना तिला थांबवता आलं नाही. शेवटची मूठ तिनं हवालदारापुढं धरली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घेतली, आणि चावता चावता वही काढली.

"पत्ता सांगा गावचा," तो म्हणाला. "बघतो."

मास्तर परतले तेव्हा अंगात ताप होता, आणि घसा असा बसला होता, की शाळेतली पोरं चौथ्या दिवसापर्यंत नुसतं त्यांच्या ओठांकडं पाहत होती. संध्याकाळी किसनराव ओसरीवर आले. मांडी घातली. आपला पाढा कितपत उपयोगी पडला, हे त्यांना तपशीलवार ऐकायचं होतं.

"मंग काय काकू? कमान पाह्यली? लिफ्टमंधी बसल्या?"

"पाह्यलं सारं."

"समुद्र?"

"समुद्र लय चांगला," बिजलीबाई म्हणाल्या. त्या दाराशी बसून पुढच्या खेपेच्या हुरड्यासाठी ज्वारीची कणसं निवडत होत्या. "लोकं बी चांगले. साऱ्यायनं माह्या फकिराले हाका मारल्या. पान्यात उतरू उतरू मारल्या. एकानं बी पैसा घेतला नाही."

किसनरावांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांच्या तोंडातून आवाज निघत नव्हता, त्यामुळं त्यांना काही सांगावं लागलं नाही. बाहेर हायवेवर ट्रक थांबला, म्हातारीनं मान उचलली, कोण उतरतं ते पाहिलं, आणि पुन्हा कणसांना हात घातला.

"आमी आता दर साली जाऊ," ती म्हणाली. "फुकटच तं हाय."